गंधक वितळतो तेव्हा बंध तुटत नाहीत

‘सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला) दुबळा, म्हणून द्रवणांक (वितळण्याचं तापमान) कमी’ हे वाक्य बारावीच्या नोट्समधून एकदाचं हद्दपार व्हायला हवं. गंधकातही सहसंयुज बंधच आहे आणि ग्रॅफाइटमध्येही (पेन्सिलच्या शिशातला कार्बन). कोल्हापूरच्या साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी जाळतात तो गंधक साधारण ११९ अंशांना वितळतो. इकडे चांदीकामाच्या हुपरी गावात ९६२ अंशांना वितळलेली चांदी पोटात घेऊनही मुशीतलं (धातू वितळवायच्या भांड्यातलं) ग्रॅफाइट ढिम्म हलत नाही. (चांदीतला धातुबंध वेगळा, त्यात कुणी फारसं चुकत नाही.)

घोळ होतो तो रेणूच्या आतला बंध आणि रेणूरेणूंमधलं आकर्षण एकच समजल्यामुळे. गंधकाचा रेणू म्हणजे आठ अणूंचं कडं. वितळताना ही कडी एकमेकांपासून सुटतात, पण प्रत्येक कडं शाबूत राहतं. म्हणजे द्रवणांक सांगतो तो कड्याकड्यांमधल्या आकर्षणाबद्दल. कड्यातल्या बंधाबद्दल अवाक्षरही नाही. तो बंध मोठ्या प्रमाणावर तुटतो १५९ अंशांच्या पुढे. आणि तेव्हा द्रव आणखी पातळ व्हायचं सोडून दाट होतो! उघडलेली कडी जोडून लांबच लांब साखळ्या बनतात, त्या एकमेकींत गुंततात, पिवळा रंग तांबूस-काळपट होतो आणि चिकटपणा हजारो पटींनी वाढतो. म्हणूनच वितळलेला गंधक १२५ ते १४५ अंशांच्या दरम्यान ठेवायचा. नीट वाहत नाही म्हणून जॅकेटची (गंधकाच्या टाकीभोवतीच्या गरम आवरणाची) वाफ वाढवत नेली, तर पंप अडकणारच.

ग्रॅफाइटमध्ये सुटा रेणूच नाही. थरातला प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांना बांधलेला आणि थर अखंड पसरलेला. तो मोडायचा तर बंधच तोडावे लागतात. साध्या दाबाखाली ग्रॅफाइट वितळतच नाही. ३६०० अंशांच्या आसपास थेट वाफ होतं.

मग पेन्सिल कागदावर उमटते कशी? थराथरांमधलं आकर्षण दुबळं, थर सरकतात म्हणून. दोन थरांत ३३५ पिकोमीटर (मीटरचा लाख कोटीवा भाग) अंतर, थरातल्या दोन अणूंत फक्त १४२. हिऱ्यात हेच अंतर १५४ आहे, म्हणजे ग्रॅफाइटच्या थरातला बंध हिऱ्यातल्यापेक्षाही आखूड आणि बळकट. मऊपणावरून बंधाची ताकद ठरवणं मला अजिबात मान्य नाही.

मूस झिजते ती वितळून नव्हे, जळून. लाल तापल्यावर हवेतला ऑक्सिजन कार्बन खातो, म्हणून ग्रॅफाइटमध्ये माती मिसळतात आणि वरून काचेसारखा लेप देतात. लेप उडालेल्या जागी मूस पातळ होत जाते. ती वेळीच बदलावी.