घराचं लेबल 'ए' आहे म्हणता, पण कुठल्या देशाचं 'ए'?

नेदरलँड्स, जर्मनीत घर घेणारी आपली मंडळी आमच्याकडे आली की एनर्जी लेबलबद्दल (घराला वर्षाला किती ऊर्जा लागते ते सांगणारं सरकारी अक्षर, 'ए' म्हणजे कमी, पुढची अक्षरं म्हणजे जास्त) एक प्रश्न ठरलेला, म्युनिकचा फ्लॅट चांगला नवा होता तरी 'डी' आणि इथे नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला त्याच्याहून जुनं घर बघितलं तर ते 'ए', मग एजंट बनवतोय का? नाही हो, एजंट बनवत नाहीये, मोजायची पट्टीच वेगळी आहे.

आता १४५ हा आकडा घ्या, दर चौरस मीटरला वर्षाला १४५ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा. डच लेबलवर हा आकडा 'ए' मध्ये बसतो, फ्रान्समध्ये 'सी', आयर्लंडमध्ये 'बी३' आणि जर्मनीत थेट 'ई'. आणि गंमत म्हणजे हे १४५ सुद्धा सगळीकडे एकाच गोष्टीचे नसतात. जर्मनीत अक्षर ठरतं ते घरात प्रत्यक्ष येणाऱ्या एनर्जीवर, म्हणजे गॅस, वीज वगैरे. डच लोक त्यामागे किती कोळसा-गॅस जळला ते धरतात, म्हणून विजेच्या प्रत्येक युनिटला १.४५ ने गुणतात. फ्रान्समध्ये हाच गुणक २.३ होता, १ जानेवारी २०२६ पासून १.९ केला, त्यामुळे विजेवर हीटिंग असलेल्या कितीतरी घरांचं लेबल भिंतीला हात न लावता सुधारलं! (फ्रान्समध्ये कार्बनचा आकडाही बघतात आणि दोन्हीतलं वाईट अक्षर देतात, तो वेगळाच ताप.)

क्षेत्रफळाचंही तेच. जर्मन हिशोबात बऱ्याचदा घराच्या घनफळाला ०.३२ ने गुणून क्षेत्रफळ काढतात, ते तुम्ही राहता त्या जागेपेक्षा मोठं निघतं, भागाकार मोठ्या आकड्याने झाला की उत्तर आपोआप लहान. शिवाय जर्मनीत लेबलचं एक सर्टिफिकेट मागच्या तीन वर्षांच्या वापरावरूनही मिळतं, म्हणजे आधीचे लोक हिवाळ्यात स्वेटर घालून बसले असतील तर तुमचं लेबल छान.

मग युरोपात सगळ्यांचं एकच सॉफ्टवेअर का नाही, असं विचाराल. प्रयत्न जुना आहे. २००२ च्या युरोपियन कायद्याने लेबल आणलं पण हिशोब कसा करायचा ते प्रत्येक देशावर सोडलं. २०१७ मध्ये 'ईएन आयएसओ ५२०००-१' हे इमारतींच्या एनर्जी हिशोबाचं स्टँडर्ड आणि त्याच्या जोडीची स्टँडर्ड आली, त्यात तासातासाचा हिशोबही आहे, वर्षाचे ८७६० तास, म्हणजे दुपारी सोलर पॅनेलची वीज कधी आली आणि हीट पंपाने (विजेवर घर गरम करणारं यंत्र) कधी ओढली ते कळतं, महिन्याच्या सरासरीत हे सगळं पुसलं जातं. पण त्याच स्टँडर्डमध्ये आकडे, गुणक, हवामान आपापलं भरायला देशांसाठी रिकामे तक्ते ठेवलेत. सांगाडा एक, मसाला ज्याचा त्याचा. नेदरलँड्सची लेबल काढायची एनटीए ८८०० पद्धत १ जानेवारी २०२१ पासून आहे आणि ती अजून महिन्याच्या हिशोबावरच चालते.

२०२४ च्या नव्या कायद्यात सगळीकडे 'ए' ते 'जी' अशी पट्टी यायची आहे, मुदत २९ मे २०२६. पण ज्या देशांनी १ जानेवारी २०१९ पासून पुढे, हा कायदा लागू व्हायच्या आधी, आपली पट्टी बदलली होती त्यांना २०२९ च्या अखेरपर्यंत थांबता येतं. आमचं स्पष्ट मत, दिसायला लेबलं सारखी होतील, आतला हिशोब इतक्यात एक होणार नाही.

तेव्हा दोन देशांतली अक्षरं शेजारी ठेवून घर ठरवू नका. आम्ही दोन्ही घरांचं इन्सुलेशन, काच, बॉयलर आणि क्षेत्रफळ एकाच पद्धतीत टाकून देतो. सरकारी लेबल मात्र आम्ही बदलून देत नाही, तसा आग्रह झालाय म्हणून सांगितलं. आमच्याकडे पाठवताना लेबलच्या सर्टिफिकेटची पूर्ण पीडीएफ पाठवा, नुसत्या पहिल्या पानाचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नको, कामाचं सगळं मागच्या पानांवर असतं. आणि मालक देत असेल तर मागच्या वर्षाचं गॅसचं बिल पण मागून घ्या.