रिस्टार्ट न करता दुसरी सिस्टीम चालवायची? आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक

सध्या दुकानात दर दोन दिवसाला कोणीतरी येऊन एकच विचारतं. लॅपटॉपवर विंडोज आहे, शेजारी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) पण आहे, पण एकातून दुसऱ्यात जायचं म्हणलं की सगळं बंद करा, परत चालू करा, तो काळा मेनू आला की बाणानं खाली जा, एंटर मारा आणि बसा बघत, तर हे दोन्ही एकदम चालत नाही का ओ? चालतं. पण "चालतं" म्हणल्यावर लोक लगेच घरी जाऊन करायला घेतात आणि मग रविवारी फोन येतो. काउंटरवर हे सगळं सांगायला अर्धा तास जातो आणि मागं प्रिंटरची शाई घ्यायला आलेला माणूस ताटकळतो, म्हणून हा कागद छापला. घरी निवांत वाचा.

थोडा दोष आमचा पण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि ते जुन्या मशीनला नसतं, म्हणून बऱ्याच जणांना आम्हीच सांगितलं की मशीन फेकू नका, शेजारी लिनक्स टाकून देतो, नेट, मेल, बँक सगळं त्यावर करा आणि विंडोज फक्त टॅलीपुरतं नाहीतर चादरी-टॉवेलच्या जकार्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरपुरतं ठेवा. सल्ला चुकीचा नव्हता. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीत ऑफिस सांभाळणाऱ्या माणसाला पार्टीची मेल लिनक्सवर बघायची आणि बिल विंडोजवर काढायचं, म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळा रिस्टार्ट. वैतागणारच की.

आता हे होतं कसं ते बघा. व्हर्च्युअल मशीन म्हणजे चालू सिस्टीमच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर, त्याला आपल्याच रॅममधली थोडी रॅम द्यायची, प्रोसेसरचे दोन कोअर द्यायचे, आणि तो एका खिडकीत चालतो. आपण इथं बाहेरची सिस्टीम आणि आतली सिस्टीम असंच म्हणू. एरवी आतल्या सिस्टीमची डिस्क म्हणजे बाहेरच्या डिस्कवरची एक भलीमोठी फाईल असते आणि त्यात सगळं नव्यानं इन्स्टॉल करायचं असतं. पण तुमच्याकडं दुसरी सिस्टीम आधीच पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागावर, बसलेली आहे, त्यात तुमचं सॉफ्टवेअर, डेटा, सेटिंग सगळं आहे, मग परत कशाला टाकायचं? तर फाईलच्या ऐवजी त्या खऱ्या पार्टिशनकडंच बोट दाखवायचं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) त्यासाठी एक छोटी व्हीएमडीके फाईल बनते, जिच्यात तुमचा डेटा नसतो, नुसता पत्ता असतो, की अमक्या डिस्कवरचं अमकं पार्टिशन वापर. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये फिजिकल डिस्क म्हणून पर्याय आहे आणि लिनक्सच्या केव्हीएमला तर डिस्क सरळ देता येते.

वाचायला सोपं वाटतं. गोम पुढं आहे.

एकाच मागावर दोन विणकर बसवले आणि दोघंही आपापल्या नक्षीनं धोटा मारायला लागले तर काय होईल ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. डिस्कचं तसंच आहे. प्रत्येक सिस्टीम पार्टिशन उघडलं की त्याचा हिशोब, म्हणजे कुठली जागा रिकामी, कुठली फाईल कुठं, हे आपल्या रॅममध्ये धरून ठेवते आणि त्यावर विसंबून लिहीत राहते. दुसऱ्या सिस्टीमनं मधेच त्याच पार्टिशनवर काही लिहिलं तर पहिलीला ते कळतच नाही, ती आपल्या जुन्या हिशोबानं त्यावरच लिहून मोकळी होते. स्क्रीनवर लाल पट्टी नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. दोन-चार दिवसांनी एखादी एक्सेल उघडत नाही, आणि तोपर्यंत लई उशीर झालेला असतो. म्हणून जे पार्टिशन आतल्या सिस्टीमला दिलंय ते बाहेरच्या सिस्टीममध्ये उघडायचं नाही, "नुसतं एक पीडीएफ घ्यायचंय" म्हणून पण नाही. फाईल इकडून तिकडं न्यायच्या असतील तर शेअर्ड फोल्डर करून देतो, त्यातून न्या.

हे पुस्तकातलं ज्ञान नाही, आमच्याच वर्कशॉपच्या मशीनवर झालंय. बाहेर उबुंटू चालू होतं, आत विंडोज उघडायचं होतं, आणि आळस करून पार्टिशनच्या ऐवजी आख्खी डिस्कच व्हर्च्युअल मशीनला देऊन टाकलेली. आत तोच ओळखीचा काळा मेनू आला, पहिलं नाव उबुंटूचं, पोरानं सवयीनं एंटर मारला. म्हणजे बाहेर जे उबुंटू चालू होतं तेच उबुंटू त्याच पार्टिशनवरून आत परत चालू झालं! पाच मिनिटं सगळं छान दिसलं, आम्ही हसलो पण, आणि पुढच्या वेळी मशीन चालू केलं तर फाईलसिस्टीम तुटल्याचा काळा स्क्रीन. रिपेअर चालवलं, निम्म्या फाईल नाव हरवून नुसते आकडे होऊन आल्या. बॅकअप होता म्हणून निभावलं. तेव्हापासून आम्ही आख्खी डिस्क कधीच देत नाही, लागतील तेवढीच पार्टिशनं देतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये असं केलं की बाकीची पार्टिशनं आतून नुसती शून्य दिसतात आणि त्यांवर लिहिलेलं कुठं पोचत नाही. आणि डिस्कचं नाव पण एसडीए, एसडीबी असं देत नाही, कारण एखादी डिस्क जास्तीची जोडलेली असली तर ती नावं बदलू शकतात, डिस्कच्या सिरीयल नंबरवरून येणारं लांबलचक नाव देतो.

याच घोटाळ्याची भावकी मोठी आहे, ती पण ओळखून ठेवा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, म्हणजे तुम्ही शटडाऊन करता पण विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि पार्टिशनचा हिशोब तसाच उघडा ठेवतं. अशा झोपलेल्या विंडोजला आत उठवायचं म्हणजे झोपताना एक मशीन आणि उठताना दुसरंच. ते पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन कायमचं बंद करा. तोवर शिफ्ट दाबून शटडाऊन केलं तरी पूर्ण बंद होतं, आणि गंमत म्हणजे रिस्टार्टला ही भानगड लागू नसते. तसंच व्हर्च्युअल मशीन बंद करताना "सेव्ह स्टेट" विचारतं, त्यावर क्लिक करायचं नाही, कारण आतली सिस्टीम तशी गोठवून ठेवली आणि तुम्ही तीच सिस्टीम रात्री खऱ्या मशीनवर चालू केली, की दुसऱ्या दिवशी गोठवलेली उठते ती कालच्या हिशोबानं. स्नॅपशॉट, म्हणजे मागं परत जाता यावं म्हणून त्या क्षणाची धरून ठेवलेली स्थिती, ती पण त्याच कारणानं नको. एरवी स्नॅपशॉट म्हणजे चांगली गोष्ट, इथं फासच. आतून नीट शटडाऊन करायचं, एवढंच.

नव्या मशीनवर अजून एक छोटं पार्टिशन असतं, ईएफआयचं, ज्यातून बूट होतं. ते दोन्ही सिस्टीमचं सामायिक असतं आणि आत बूट व्हायला ते पण द्यावं लागतं. उबुंटू ते चालू झाल्याझाल्या आपल्याकडं जोडून ठेवतं, म्हणून आतलं विंडोज चालू करायच्या आधी ते सोडवायला लागतं. आम्ही त्यासाठी छोटी स्क्रिप्ट करून देतो, डेस्कटॉपवर आयकॉन येतो, त्यावरूनच चालू करा. दुसरीकडून शहाणपणानं चालू करू नका.

आता कुठली सिस्टीम आत आणि कुठली बाहेर? बाहेर विंडोज आणि आत लिनक्स असेल तर काम सोपं. लिनक्सला मशीन बदललेलं फारसं जाणवत नाही, ड्रायव्हर त्याच्या कर्नलबरोबरच (सिस्टीमच्या गाभ्याबरोबरच) असतात, पार्टिशन ते नावानं नाही तर आयडीनं ओळखतं, त्यामुळं आत बघता बघता उठतं. व्हर्च्युअलबॉक्स ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायला लागतं तेवढंच. आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना फक्त लिनक्सच्या कमांड पाहिजे असतील तर हे काहीच करू नका, विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून घ्या, फुकट आहे.

उलटं, म्हणजे बाहेर लिनक्स आणि आत विंडोज, हे रुसूबाईचं काम. विंडोज उठतं आणि बघतं तर डिस्क तीच पण मदरबोर्ड वेगळा, ग्राफिक वेगळं, नेटवर्क कार्ड वेगळं. कधी निळा स्क्रीन देतं, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून, कारण डिस्कचा कंट्रोलर बदललेला असतो. त्यावर इलाज आहे, बहुतेक वेळा एकदा सेफ मोडमध्ये उठवलं की बसतं. पुढं ॲक्टिव्हेशन: विंडोजचं लायसन हार्डवेअरशी बांधलेलं, आत "ॲक्टिव्हेट करा" म्हणून कोपऱ्यात अक्षरं येतात, खऱ्या मशीनवर गेलं की जातात. यावर क्रॅक मारून द्या म्हणून सांगू नका, आम्ही देत नाही. काही महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन पण असंच मशीनला चिकटलेलं असतं, त्यांच्या डीलरला आधी फोन करून विचारा, म्हणजे ऐन टॅक्स रिटर्नच्या दिवशी लॉक व्हायला नको.

जकार्ड डिझाइनवाल्यांचा यूएसबी डाँगल (सॉफ्टवेअरची चावी) आणि सीए ऑफिसातला डिजिटल सहीचा टोकन, या दोन्हीचा प्रश्न हमखास येतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये यूएसबी आत पाठवता येतं, टोकन बऱ्यापैकी चालतात, डाँगल मात्र बेभरवशाचे, काहींना आपण खोट्या मशीनमध्ये आहोत हे कळतं आणि ते हात वर करतात. म्हणून डाँगल बरोबर आणा, आधी चालवून बघू, मग पुढचं बोलू.

बिटलॉकर! हे ठळक वाचा. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद येते आणि मालकाला पत्ताच नसतो. आत चालू केलं की विंडोजला वाटतं डिस्क कोणीतरी काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जमा असते. ज्या मेलवर ते अकाउंट काढलं तो मेल पोराचा, पोरगं पुण्याला, आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही, हे नाटक आम्ही बघितलंय. की आधी कागदावर उतरवून घ्या. नसेल तर कामाला हात लावत नाही, रागवायचं नाही.

घड्याळाचं पण सांगून ठेवतो कारण त्यावरून फोन फार येतात. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज आपली इथली, म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तास मागं दिसते. सेल गेलेला नसतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये त्याचं एक टिकमार्क आहे, आत लिनक्स असेल तर लावायचं, विंडोज असेल तर काढायचं.

मशीनला झेपेल का? टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू, तिथं "व्हर्च्युअलायझेशन" समोर इनेबल्ड पाहिजे. नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करतो, इंटेलला व्हीटी-एक्स नावानं असतं, एएमडीला एसव्हीएम. रॅम ८ जीबी असेल तर ओढून-ताणून चालेल, १६ असेल तर मजेत, ४ असेल तर नादच सोडा. एसएसडी पाहिजेच. आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या शेडमध्ये दोन सिस्टीम एकदम चालवल्या तर लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडणार, तो बिघाड नाही. डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएस लावाच, चालू लिहिताना लाईट गेली तर दोन्ही सिस्टीम एकदम आडव्या पडतात.

आता आमचं खरं मत विचाराल तर धंद्याचा डेटा ज्यात आहे ते विंडोज असं थेट पार्टिशनवरून आत चालवू नका. त्यापेक्षा त्याची कॉपी करू. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समध्ये डिस्क-टू-व्हीएचडी म्हणून फुकट साधन आहे, ते चालू विंडोजचीच एका फाईलमध्ये कॉपी करतं, ती फाईल व्हर्च्युअल मशीनला लावायची, मूळ पार्टिशन जागेवर शाबूत. काही बिघडलं तर फाईल फेकून परत करायची. स्नॅपशॉट पण चालतात. तोटे दोन, एक तर जागा जास्त लागते, आणि कॉपी ही वेगळं इन्स्टॉल धरली जाते म्हणून लायसन वेगळं घ्यावं लागू शकतं. शिवाय टॅलीची एन्ट्री एकदा इथं एकदा तिथं असं करून बसू नका, एकच घर ठरवा. थेट पार्टिशनवाला प्रकार त्यांच्यासाठी, ज्यांना तीच सिस्टीम कधी आत आणि कधी पूर्ण ताकदीनं बाहेर, दोन्हीकडं पाहिजे, उदाहरणार्थ दिवसा विंडोजमध्ये काम आणि रात्री लिनक्सवर जड प्रोग्रॅम चालवणारे.

दुकानात येताना चार्जर आणा, रिकामी बाहेरची हार्डडिस्क आणा कारण आधी बॅकअप, मगच हात लावणं, ती नसेल तर आमच्याकडं मिळेल. बिटलॉकरची की, डाँगल, आणि सॉफ्टवेअरची लायसनची बिलं बरोबर ठेवा. मशीन बघून होईल की नाही ते सांगायचे पैसे नाहीत. एक दिवस मशीन ठेवावं लागतं, महिनाअखेरीला आणि रिटर्नच्या तारखांच्या आसपास आणू नका, आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आठवड्यात आम्ही हे काम घेत नाही, पोरं जागेवर नसतात. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवलेला असतो तो तेवढा काढून आणा, तोंडी सांगितला तरी चालतो.