डेलिगेट वेगळे, इलेक्टर वेगळे: बर्नी सँडर्स आणि न संपणारा वाद

‘२०१६ साली हिलरींऐवजी बर्नी सँडर्सना उभं केलं असतं तर ट्रम्प पडले असते.’ डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत हिलरी क्लिंटन यांच्याकडून हरलेल्या या डाव्या सिनेटरबद्दलच्या विधानावर कुणी तासभर वाद घालावा, माझी ना नाही. डोकं फिरतं ते पाठोपाठ येणाऱ्या पुराव्याने: ‘अहो, सँडर्स बावीस राज्यं जिंकले होते, मिशिगनसुद्धा!’ डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या राज्यवार मतदानात) ‘राज्य जिंकणं’ या गोष्टीला फारशी किंमतच नाही, हे सांगून सांगून घसा बसला.

नोव्हेंबरची, म्हणजे खुद्द अध्यक्षपदाच्या निवडणुकीची मोजणी बहुतेकांना पाठ असते, म्हणून उरकून टाकतो. एकूण ५३८ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष निवडणाऱ्या, राज्यवार ठरणाऱ्या ‘इलेक्टर’ प्रतिनिधींची), जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पहिला, त्याला त्या राज्याची सगळी मतं. २०१६च्या नोव्हेंबरात मिशिगनमध्ये ट्रम्प यांना क्लिंटन यांच्यापेक्षा १०,७०४ मतं जास्त पडली आणि तिथली १६च्या १६ इलेक्टोरल मतं त्यांच्या खात्यात गेली. आपल्या मतदारसंघासारखंच: एका मताने आलात तरी आमदार तुम्हीच.

आता त्याच मिशिगनची त्याच वर्षीची ८ मार्चची प्रायमरी बघा. बहुतेक पोल क्लिंटन यांना मोठ्या फरकाने पुढे दाखवत होते आणि जिंकले सँडर्स, जेमतेम दीड टक्क्याने. दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे हीच बातमी. पण इथे मोजायचे असतात डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, आणि डेमोक्रॅट ते मतांच्या प्रमाणात वाटतात. १५ टक्क्यांच्या वर गेलात की तुमचा वाटा तुम्हाला. मिशिगनचे वाटप झालं सँडर्स ६७, क्लिंटन ६३. म्हणजे कमाई चारची. त्याच दिवशी मिसिसिपीतही मतदान होतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिथे क्लिंटन यांनी ८० टक्क्यांवर मतं घेतली आणि वाटप झालं ३१ विरुद्ध ५. दिवसाची बेरीज केलीत तर ज्या दिवशी सँडर्स यांनी ‘इतिहास घडवला’ त्या दिवशी ते आणखी २२ डेलिगेटांनी मागे पडले.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मिसिसिपी नोव्हेंबरात डेमोक्रॅट्सना मिळतच नाही, मग ते धरायचं कशाला? नोव्हेंबरपुरतं अगदी बरोबर. पण प्रायमरी म्हणजे पक्षाच्या मतदारांनी आपला उमेदवार निवडणं, आणि मिसिसिपीतले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट हे पक्षाचेच मतदार आहेत. त्यांना गाळून बेरीज करायची असेल तर मिशिगनचा डांगोराही पिटू नका. तिथे मार्चमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत सुमारे १२ लाख मतं पडली, नोव्हेंबरात एकूण ४८ लाखांच्या आसपास. त्या १२ लाखांतल्या दीड टक्क्यावरून उरलेल्यांचा कौल सांगणाऱ्याने ज्योतिषाची पाटी लावावी.

ही गल्लत महाग पडते ती ‘बाहेरचा माणूस पक्ष ताब्यात घेऊ शकतो का’ या प्रश्नावर. ट्रम्प यांनी घेतला, मग सँडर्स का नाही? कारण रिपब्लिकनांची अनेक राज्यं नोव्हेंबरसारखी वागतात. २०१६मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं होती, पण ते राज्यभर आणि अमेरिकी संसदेच्या तिथल्या प्रत्येक मतदारसंघात पहिले आले. ५० डेलिगेट होते, पन्नासच्या पन्नास त्यांचे. विरोधक आपसात भांडत राहिले, एक तृतीयांश मतांचा माणूस पुढे निघून गेला. (बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली संसदेतल्या डेट्रॉइटच्या जागेसाठी नऊ जणांच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर जिंकले. तिथे जागा एकच होती, वाटणार काय?)

सँडर्स यांना अध्यक्षपदाच्या शर्यतीत ही सोय नव्हती. २०२०मध्ये १,९९१ डेलिगेट हवे होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. लास व्हेगासच्या वादसभेत विचारलं गेलं: बहुमत कुणालाच नसेल तर सर्वाधिक डेलिगेटवाल्याला उमेदवारी द्यायची का? हो म्हणणारे एकटे सँडर्स. मंचावरच्या बाकी सगळ्यांनी नियमांकडे बोट दाखवलं. खरं तर शर्यत तिथेच कळायला हवी होती. दोन आठवड्यांत बुटिजेज आणि क्लोबुशार हे स्पर्धक बायडेन यांच्या मागे उभे राहिले, ३ मार्चला बायडेन १४पैकी १० राज्यांत पहिले आले. याला कुणी कट म्हणतं. माझ्या मते हे साधं राजकारण आहे, आणि जो बहुमत जमवू शकत नाही त्याने रडू नये.

सुपरडेलिगेटांबद्दल (प्रायमरीतून न निवडलेले, पक्षातल्या पदामुळे डेलिगेट झालेले नेते) एवढंच, कारण तो विषय निघाला की मला उठून जावंसं वाटतं: २०१६मध्ये निवडून आलेल्या डेलिगेटांतच क्लिंटन २,२०५ आणि सँडर्स १,८४६ होते. सुपरडेलिगेट वजा करा, निकाल तोच.

पक्षातल्या बड्या धेंडांना नको असलेला डावा माणूस उमेदवार झालाच नाही असंही नाही. १९७२ साली जॉर्ज मॅकगव्हर्न झाले. पण तेव्हा कॅलिफोर्नियाची डेमोक्रॅटिक प्रायमरी ‘पहिल्याला सगळं’ पद्धतीची होती. ४४ टक्क्यांच्या आसपास मतांवर त्यांना तिथले २७१ डेलिगेट मिळाले, आणि ते सगळे टिकवण्यासाठी थेट अधिवेशनात लढावं लागलं. नोव्हेंबरात हीच पद्धत त्यांच्यावर उलटली. देशभरात साडेसदतीस टक्के मतं, आणि पदरात मॅसॅच्युसेट्स व राजधानी वॉशिंग्टन मिळून १७ इलेक्टोरल मतं. कॅलिफोर्निया रिपब्लिकन निक्सन यांनी नेलं.