जीवशास्त्र नुसते वाचून पाठ होते का?

अभियांत्रिकी करता करता नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्यांना हमखास सांगितले जाते की जीवशास्त्र म्हणजे केवळ पाठांतर, पुस्तक दहा वेळा वाचले की झाले. हा समज चुकीचा आहे, मात्र तो का पटतो हे समजण्यासारखे आहे. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख म्हणजेच स्मरण असे मन धरून चालते. परीक्षेत पुस्तक समोर नसते, तेथे स्वतः आठवावे लागते, आणि आठवण्याच्या सरावानेच स्मरण अधिक टिकते, असे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे.

पडताळणी घरीच करता येते. नेफ्रॉनचे, म्हणजे मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिकेचे, पान दोनदा वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर बोमनच्या संपुटापासून संग्राहक नलिकेपर्यंतची आकृती नावांसह काढा. हेन्लेच्या पाशापाशी, म्हणजे नलिकेच्या यू आकाराच्या वळणापाशी, हात अडखळू शकतो. चुका दुरुस्त करून हीच आकृती आठवड्याने पुन्हा काढा, आणि केवळ वाचलेली दुसरी एखादी आकृतीही तेव्हाच काढून कोणती अधिक आठवते याची तुलना करा. गणित कागदावर सोडवल्याशिवाय येत नाही, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नीटच्या 720 पैकी 360 गुणांच्या जीवशास्त्रालाही त्याने तीच सवय लावावी.