डिजिटल तेलक्षेत्र

खनिज तेलाच्या विहिरी, पंप, विभाजक, टाक्या आणि पाइपलाइनी यांवरील संवेदकांची मोजमापे सतत नियंत्रण कक्षात आणून त्यांच्या आधारे उत्पादन, देखभाल आणि सुरक्षिततेचे निर्णय घेण्याची पद्धत. नाशिक जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला असून इथे तेलविहिरी नाहीत. मात्र नांदगाव तालुक्यात मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि भारत पेट्रोलियमची मुंबईहून येणारी पाइपलाइन मनमाडहून पुढे इंदूरजवळचे मांगल्या आणि दिल्लीजवळचे बिजवासन इथपर्यंत जाते. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वापरात असलेले प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून त्याचा विद्युत संकेत पाठवणारे उपकरण), पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) आणि कंट्रोल पॅनेल यांचेच ज्वालारोधक प्रकार तेलक्षेत्रावर असतात. त्यामुळे इथल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या कारागिराला हा विषय परका नाही.

वेलहेडवरील, म्हणजे विहिरीच्या तोंडावरील, ट्रान्समीटर दाब आणि तापमान मोजतात. ही मोजमापे आरटीयू (विहिरीजवळचे दूरसंकलन उपकरण) गोळा करतो, रेडिओ, फायबर किंवा व्हीसॅटने (उपग्रहामार्गे) स्काडा (दूरच्या यंत्रणेवर देखरेख आणि नियंत्रण ठेवणारी संगणकप्रणाली) सर्व्हरकडे पाठवतो आणि तिथे ती वेळेच्या नोंदीसह साठवली जातात. सारे काही दर सेकंदाला पाठवत बसले तर रेडिओ तुंबतो. म्हणून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बदल झाला तरच नवा आकडा पाठवतात. ही मर्यादा फार सैल ठेवली, तर हळूहळू होणारा बिघाड दिसायला उशीर लागतो.

या साऱ्या डोलाऱ्याचा पाया म्हणजे ४ ते २० मिलिअँपिअरचा साधा लूप, म्हणजे मोजलेल्या मूल्याप्रमाणे प्रवाह बदलणारे विद्युत मंडल. ० ते १०० बारच्या ट्रान्समीटरने १२ मिलिअँपिअर दिले, तर दाब ५० बार. शून्य दाबालाही ४ मिलिअँपिअर वाहत असल्याने प्रवाह ३.६ च्या खाली गेला की वायर तुटली किंवा ट्रान्समीटर बिघडला, हे लगेच कळते. कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक आहे का याची तपासणी) करताना नियंत्रण कक्षाला कळवून संबंधित ट्रिप, म्हणजे धोका दिसताच यंत्र आपोआप बंद करणारी व्यवस्था, तात्पुरती बायपास करतात, आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करतात, अडकलेला दाब सोडतात आणि मग ०, २५, ५०, ७५, १०० टक्के दाब चढत्या आणि उतरत्या क्रमाने देतात. लूपवर ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर मिळायला हवेत. काम संपल्यावर बायपास काढायचा राहून गेला, तर पुढच्या खऱ्या धोक्याला यंत्रणा गप्प राहते.

सर्वांत फसवा बिघाड म्हणजे अडकलेला आकडा. राजस्थानातील बाडमेरच्या मंगला क्षेत्राचे तेल मेणयुक्त आहे; ते गोठू नये म्हणून त्याची पाइपलाइनही तापवावी लागते. अशा तेलाचे मेण ट्रान्समीटरपर्यंत दाब पोहोचवणाऱ्या बारीक नळीत (इम्पल्स लाइन) साचले, की आतला दाब कोंडून राहतो आणि पडद्यावर सरळ, निर्धास्त रेघ दिसते. वाहत्या विहिरीचा दाब थोडा तरी हलतोच. म्हणून न हलणाऱ्या आकड्याचाही अलार्म लावावा. पावसाळ्यात जंक्शन बॉक्सची केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथली घट्ट बसणारी जोडणी) सैल असली, तर आत पाणी शिरून आकडे भरकटतात. केबलचे शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केले, तर त्यातून प्रवाह फिरून गोंगाट येतो. ते एकाच टोकाला अर्थ करावे.

या तंत्राचा फायदा सर्वांत स्पष्ट दिसतो तो सकर रॉड पंपावर, म्हणजे जमिनीवरच्या मोटरने लांब रॉड वर-खाली हलवून तेल उपसणाऱ्या पंपावर. उत्तर गुजरातमधील मेहसाणाच्या विहिरींत हे पंप आहेत. पॉलिश्ड रॉडवरील (सर्वांत वरच्या गुळगुळीत रॉडवरील) लोड सेल भार आणि दुसरा संवेदक रॉडची जागा मोजतो. त्यांच्या आलेखाला डायनॅमोमीटर कार्ड म्हणतात. पंप पूर्ण भरत असेल, तर या मोजमापांवरून काढलेले विहिरीच्या आतल्या पंपाचे कार्ड भरीव चौकोनी येते. विहिरीत तेल कमी साचले, तर रॉड खाली येताना भार उशिरा आणि एकदम उतरतो आणि कार्डाचा उजवा खालचा कोपरा गायब होतो. हीच ‘फ्लुइड पाउंड’ची, म्हणजे अर्धवट भरलेल्या पंपात तेलावर बसणाऱ्या ठोक्याची, खूण. प्रत्येक ठोक्याचा हादरा रॉड, ट्युबिंग आणि गिअरबॉक्सला बसतो. कंट्रोलर मोटर थांबवतो, तेल साचू देतो आणि मग पुन्हा सुरू करतो. उतार एकदम न होता हळूहळू वळत असेल, तर पंपात वायू शिरल्याचा संशय घ्यावा. रॉड वरच्या भागातच तुटला असेल, तर कार्ड चपटे होऊन खाली सरकते.

पाइपलाइनवर गळती झाली, की दाब घटल्याची लहर दोन्ही दिशांना सेकंदाला ढोबळमानाने १ किलोमीटर वेगाने धावते. ५० किलोमीटर अंतरावरील दोन ठाण्यांपैकी पहिल्याला ती १० सेकंद आधी जाणवली, तर गळती त्या ठाण्यापासून २० किलोमीटरवर. घड्याळे एका सेकंदाने चुकली, तर जागा अर्धा किलोमीटर चुकते आणि गस्तीचे पथक भलत्याच शेतात शोधत बसते. म्हणून सर्व आरटीयू जीपीएसच्या वेळेशी जुळवून ठेवतात.

जोडणी वाढली की घुसखोरीच्या वाटाही वाढतात. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनिअल पाइपलाइनच्या कार्यालयीन संगणकांवर खंडणीचा हल्ला झाला आणि कंपनीला पाइपलाइनच बंद ठेवावी लागली. स्काडाचे नेटवर्क कार्यालयीन नेटवर्कपासून फायरवॉलने वेगळे ठेवावे. ठेकेदाराचा लॅपटॉप तपासल्याशिवाय पॅनेलला जोडू देऊ नये आणि पीएलसीच्या प्रोग्रॅमची प्रत नेटवर्कबाहेर जपावी.