डब्लिनच्या बसवरचे आकडे आणि अक्षरे

डब्लिनच्या बसचे जुने नंबर मुळात ट्रामचे. आधी ट्रामवर रंगीत चिन्हे असत, वाचता न येणाऱ्यालाही आपली गाडी ओळखता यावी म्हणून. १९१८ साली आकडे आले तेही दिशेचे भान ठेवून. पूर्वेच्या किनाऱ्यापासून निघून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे शहराला वळसा घालायचा: सँडीमाउंटकडे २ आणि ३, डाल्कीला ८, टेरेन्युअरला १५, रॅथफार्नमला १६ आणि फेरी पुरी होता होता हाउथला ३१. शहरातली त्या जुन्या जाळ्यातली शेवटची ट्राम १९४९ मध्ये बंद झाली, पण यातले बरेच आकडे बसवर तसेच राहिले.

नव्या वस्त्या झाल्या तसे आकड्यांना अक्षरांचे शेपूट लागले. ४६ए म्हणजे ४६चा फाटा. पुढे मूळ ४६ बंद पडला आणि फाटाच मुख्य मार्ग झाला. फिनिक्स पार्क ते डन लेरी जाणाऱ्या या बसला लोक 'फॉर्टीसिक्स ए' म्हणत. त्यातला 'ए' कशाचा, हे विचारायची कुणाला गरजच पडत नसे.

२०१८ला बसमार्गांचा नवा आराखडा आला आणि अक्षराचा अर्थ नेमका उलटा झाला. आता अक्षर आधी येते आणि ते फाट्याचे नव्हे, कण्याचे, म्हणजे शहराच्या मध्यातून जाणाऱ्या मुख्य मार्गाचे असते. अंतिम आराखड्यात ए ते एच असे आठ कणे. आकडा सांगतो तो फाटा. शहराला आडवे वळसे घालणाऱ्या मार्गांना एन, एस, डब्ल्यू, ओ आणि स्थानिक मार्गांना एल. जून २०२१ मध्ये एच कणा सुरू झाला आणि हाउथचा ३१ गेला, एच३ आला. जानेवारी २०२५ मध्ये ४६ए गेला, ई२ आला.

 

नवी पद्धत नवख्याला सोपी आहे, हे मान्यच करायला हवे. पण शंभर वर्षे तोंडात बसलेला आकडा हाही पत्ताच असतो, आणि तो पुसताना याचा पुरेसा विचार झाला नाही असे मला ठामपणे वाटते. डॉनीब्रुकच्या थांब्यावर आज ई१, ई२ दोन्ही येतात. शहरात जायला कोणतीही चालते. परतीच्या वाटेवर मात्र फॉक्सरॉकला दोघी वेगळ्या होतात, ई१ ब्रे गावाकडे, ई२ डन लेरीला. त्यामुळे परतताना नुसते अक्षर पाहून चढलेला माणूस भलत्याच गावी पोचतो.