काय पाहिजे तुला? भुताच्या शहाणपणाची पार्श्वभूमी

पंचगंगेच्या स्मशानभूमीत थोरल्या चुलत्यांचं रक्षाविसर्जन होतं. केळीच्या पानावर भात, भजी, चहाचा कप आणि विड्यांचं बंडल, शेजारी आठवणीनं ठेवलेली काडेपेटीसुद्धा. कावळे होते, पत्र्याच्या कडेला बसून खाली बघत होते, पण एकही उतरेना. पंधरा-वीस मिनिटं गेली तशी कुजबुज सुरू झाली, "आण्णांचं कशात तरी अडकलंय." धाकटे चुलते पुढं झाले, हात जोडले. "आण्णा, पोरीचं लगीन आमी करतो. काळजी करू नगा." कावळा जागचा हलला नाही. आत्तेभाऊ म्हणाला, "मामा, म्हस इकत न्हाई आमी." त्याच दमात पाठीमागनं कुणीतरी वाटणी नीट करू, असं पुटपुटलं. आणि कावळा उतरला.

त्या घोळक्यातल्या एकेकाला बाजूला घेऊन "भूत असतं का हो?" असं विचारलं असतं, तर निम्म्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण आण्णांना ऐकू येतं, कळतं, त्यांची इच्छा आहे आणि ती पुरी झाली की नाही हे ते ठरवतात, हे सगळं त्या अर्ध्या तासात प्रत्येकानं धरूनच चाललं होतं. आपल्याकडे भुताची अक्कल ही भुताच्या असण्याहून जुनी आणि पक्की गोष्ट आहे. "भूत आहे का?" हा प्रश्न त्या मानानं कालपरवाचा. जुना प्रश्न एकच: "काय पाहिजे तुला?"

शब्दापासूनच बघा. भूत म्हणजे होऊन गेलेलं, म्हणून भूतकाळ. भूत म्हणजे प्राणिमात्र, म्हणून भूतदया. भूत म्हणजे पृथ्वी, पाणी, तेज, वायू ही मूलद्रव्यं. चार्वाकांनी हाच शेवटचा अर्थ धरून सांगितलं की चैतन्य या भूतांतूनच निपजतं. एकेका जिन्नसात नशा नसते, ते एकत्र आंबले की मद येतो, तसं. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगताना गुळाचं उदाहरण पुरतं. ढेपेत नशा नाही, पाण्यातही नाही, पण हातभट्टीवाल्याच्या पिंपात आहे. पिंप फुटलं की नशा वेगळी उरत नाही. या मताचं नावच भूतचैतन्यवाद, आणि गंमत अशी की तो मान्य केला तर नेमकं भुतालाच चैतन्य उरत नाही.

वैद्यांनी मधला रस्ता धरला. आयुर्वेदाच्या आठ अंगांत भूतविद्या हे एक अंग आहे आणि आगंतुक उन्मादाचं वर्णन करताना देव, गंधर्व, पिशाच, राक्षस सगळे येतात. पण चरकसंहितेच्या निदानस्थानात एक रोखठोक वाक्य आहे, की जो माणूस स्वतःच्या कर्मानं आधी क्लेशात पडलेला नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस कुणीही त्रास देत नाही. म्हणजे भूत नाकारलं नाही, पण त्याचा कर्तेपणा काढून घेतला. दोन हजार वर्षांच्या आसपास जुनं हे वाक्य देवरुशाच्या दारात पाटी करून लावण्याजोगं आहे.

लोककथेला असला कंजूषपणा जमत नाही. तिथं वेताळ आहे. प्रेतात शिरलेला, राजा विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा, राजापेक्षा हुशार. शेवटी ज्या योग्यासाठी राजा खेपा घालतोय तो राजाचाच बळी द्यायला टपलाय, हेही तोच सांगतो. इथं थोडं थांबायला हवं. वेताळ राजाला ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. भुताच्या बुद्धीचा पुरावा मागायचा तर हाच मागावा लागेल, आणि पुढच्या सगळ्या इतिहासात नेमका हाच सापडत नाही.

आमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात तपशीलवार भूत मात्र शिरोळचं आहे. गुरुचरित्राच्या विसाव्या अध्यायात त्याची कथा येते. शिरोळच्या एका ब्राह्मणाच्या बायकोची मुलं होत आणि जात. कारण निघतं ते मागच्या जन्मीचं. तिनं शौनक गोत्राच्या एका ब्राह्मणाचे शंभर उसने घेतले आणि बुडवले. त्यानं जीव दिला आणि पिशाच होऊन तो वसुलीला आला. उपाय म्हणून त्याचं उत्तरकार्य करायचं, त्याच्याच गोत्राच्या ब्राह्मणाला शंभर द्यायचे आणि कृष्णाकाठी औदुंबराची सेवा करायची. बाई म्हणते, सेवा करीन, पण शंभर कुठून आणू? मग स्वप्नात तो ब्राह्मण पैसे मागत अंगावर येतो, ती औदुंबराकडे पळते, आणि तिथं श्रीगुरूंपुढं रीतसर सुनावणी होते. पिशाच गुरूंनाच सुनावतं, की तुम्ही संन्यासी, तुम्ही एकीची बाजू कशी घेता? गुरू म्हणतात, तिला जमेल तेवढं घे, तुझी क्रिया होईल, तुला गती मिळेल. तडजोड होते.

या भुताला रक्कम आठवते, ऋणको जन्म बदलून आला तरी ओळखू येतो, मुद्दा मांडता येतो आणि परवडेल तिथं सोडताही येतं. तालुक्याच्या कोर्टात उभं करावं इतकं ते शहाणं आहे. ही नुसती कल्पना नव्हती, तिच्यामागं व्यवहार होता. येणेकरी देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचा, त्याला धरणं म्हणत. तो तिथंच मेला तर भूत होऊन मानगुटीवर बसेल, ही भीती म्हणजेच त्याची वसुली. आज कलेक्टर कचेरीपुढं मांडव घालून बसणाऱ्यांना आपला शब्द कुठून आलाय हे बहुधा ठाऊक नसतं.

पुढं इंग्रजी अमदानीत या मंडळींची नोंदणी झाली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. समंध, मुंजा, खवीस, हडळ, झोटिंग अशी सगळी बिरादरी त्या कोशात भेटते. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन लोकसमजुतींची माहिती जमवत होता. त्याचा २१ डिसेंबर १९०९ रोजी खून झाल्यावर ते कागद एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं छापून काढले. या नोंदी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. मुंजा म्हणजे मुंज झालेला, सोडमुंज न झालेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. खवीस परधर्मीयाचा. मेल्यावरही जात, लग्न, सोवळं काही सुटत नाही. देह जळला, पण गावानं दिलेला दाखला शाबूत. मला भुतांबद्दल पहिली शंका आली ती इथं, विज्ञानाच्या तासाला नव्हे.

दरम्यान अमेरिकेत भुतांना हो-नाहीची भाषा आली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी १८४८ साली फॉक्स बहिणींच्या घरी टकटक ऐकू येऊ लागली आणि अमुक टकटकी म्हणजे होय असं ठरलं. त्यातूनच परलोकविद्येची लाट उठली, टेबलं फिरू लागली. मायकेल फॅरेडेनं १८५३ मध्ये टेबल आणि हात यांच्यामध्ये सरकणारे पुठ्ठे घालून दाखवलं, की आधी हात सरकतो आणि मग टेबल; हात लावणाऱ्याला मात्र प्रामाणिकपणे उलटं वाटत असतं. १८८८ मध्ये फॉक्सपैकी एका बहिणीनं पायाच्या बोटांची हाडं कशी वाजवायचो हे व्यासपीठावर करून दाखवलं. नंतर तिनं तो कबुलीजबाब मागं घेतला, पण बोटं वाजली ती वाजलीच.

ही लाट मुंबईला लागली ती १८७९ मध्ये, थिऑसॉफी पंथाचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांच्याबरोबर. लंडनला १८८२ मध्ये अशा गोष्टींची तपासणी करणारी संस्था निघाली आणि तिचा माणूस, हॉजसन, १८८४ मध्ये मद्रासेत येऊन ब्लाव्हाट्स्कीबाईंचे चमत्कार बनावट आहेत असा अहवाल तयार करून गेला. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते थिऑसॉफीचं स्वतःचं मत. बैठकीत बोलतो तो बहुतेक वेळा मेलेला माणूस नसतोच, त्याचा खरा अंश पुढं निघून गेलेला असतो आणि मागं राहिलेलं टरफल तेवढं बडबडतं, असं त्यांचं म्हणणं. सापाची कात म्हणा. भुतं मानणाऱ्यांनीच भुताची अक्कल काढून घेतली, ती अशी.

प्लँचेट हे त्याच घराण्यातलं. आम्ही कॉलेजच्या वसतिगृहात वाटीवर केलं होतं. देवनागरीची बाराखडी कागदावर मावेना म्हणून रोमन अक्षरं लिहिली, आणि पानिपतावर पडलेल्या एका सरदाराला बोलावलं. वाटी फिरली. सरदारांनी उत्तर दिलं ते 'येस'. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही! मग एकानं सगळ्यांचे डोळे बांधले आणि कुणाला न सांगता कागद उलटा फिरवला. वाटी तितक्याच ठामपणे सरकली, पण जिथं मघाशी अक्षर होतं तिथं, आता जिथं होतं तिथं नाही. सरदारांना तेवढंच दिसत होतं जेवढं आम्हाला आठवत होतं. वाटी मुद्दाम कुणीच ढकलत नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन, आणि फॅरेडेलाही नेमकं तेच म्हणायचं होतं.

अंगात येण्याचंही थोडं असंच आहे, पण तिथं हसायला जागा कमी. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे वर्षाचं भाकीत, होते. पाऊस आणि धारणीबद्दल, म्हणजे बाजारभावाबद्दल, देव बोलतो असं मानतात. देव आला तर भाकणूक, भूत आलं तर बाधा. घुमणं जवळजवळ तेच. ज्याच्या अंगात येतं त्याला जुन्या बोलीत 'झाड' म्हणत, आणि झाडाला बोलतं करण्याचा हक्क देवरुशाचा. सासरी दबून राहिलेली बाई झाड झाली की सासूला एकेरीत बोलू शकते, साडी मागू शकते, माहेरी धाडा म्हणू शकते. तिला जे म्हणायचंय ते म्हणण्याएवढी अक्कल त्या भुताला असते, त्यापेक्षा जास्त नाही. रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीत या अवस्थेला नाव आहे, उपचार आहेत. पण कोंडलेलं बोलायला जागा लागते, एवढं देवरुशाला आधी कळलं होतं हे मान्य करायला हवं. मग तो चाबूक काढायचा, ते सोडा.

चाबकावर कायदा आला २०१३ मध्ये. नरेंद्र दाभोलकरांचा त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला आणि वर्षानुवर्षं अडलेला जादूटोणाविरोधी मसुदा काही दिवसांत वटहुकूम झाला, डिसेंबरमध्ये विधिमंडळानं मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं हा गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद. भूत नसतं असं हा कायदा कुठंही म्हणत नाही. भुताच्या निमित्तानं जिवंत माणसाला काय करता येणार नाही, एवढंच सांगतो. त्याच चळवळीच्या पाठीशी उभे राहिलेले गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी कोल्हापुरातच गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. त्यानंतर या विषयावर इथं कुणी निव्वळ गमतीनं बोलत नाही.

उरला मुद्दा परीक्षेचा. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ज्योतिषाच्या बाबतीत ती घेतली होती: हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या, २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं दिली, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणेफेकीत ५० यायला हवेत. भुताची अशी परीक्षा कमी वेळा झाली. नागपुरातल्या एका मराठी महिलेत १९७४ पासून बंगाली बोलणारं एक व्यक्तिमत्त्व प्रकट व्हायचं आणि एकोणिसाव्या शतकातल्या बंगाली घराण्यातली नावं सांगायचं. अमेरिकन संशोधक इयन स्टीव्हन्सन यांनी त्याचा बराच पाठपुरावा केला. वेताळाच्या सगळ्यात जवळ जाणारं हेच प्रकरण, पण तिनं आधी थोडंफार बंगाली शिकलेलं होतं हे पुढं आलं आणि गाठ सैल झाली.

मेंदूच्या बाजूनं मात्र पुरावा साचत गेला. बोस्टनला १८४६ मध्ये ईथर हुंगवून पहिली जाहीर शस्त्रक्रिया झाली, तेव्हाच दिसलं की जाणीव एका वासानं विझते आणि परत लागते. मेंदू जेमतेम वीस वॅटवर चालतो, पण ते वीस वॅट लागतातच. आठवणी ठेवायला पेशी लागतात. आणि २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी छापलेली ती हकिगत. अपस्माराच्या तपासणीत एका तरुणीच्या मेंदूच्या डाव्या बाजूला एका ठिकाणी सौम्य करंट दिला, तर तिला पाठीमागं कुणीतरी सावलीसारखं जाणवलं. ती पडून होती तेव्हा तेही पडलेलं. ती गुडघ्यांना मिठी मारून बसली तर त्यानं तिला मिठी मारली. तिला वाचायला कार्ड दिलं तेव्हा ती म्हणाली, याला कार्ड हिसकावून घ्यायचंय. करंट बंद, भूत बंद. आपल्याच शरीराचा जागेवरून सरकलेला नकाशा, आणि त्याला इच्छा चिकटवणारीही आपणच. हे वाचल्यावर मला रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी पाजायला जाणारे आणि "कोण तरी मागनं येतंय" म्हणणारे कितीतरी जण आठवले.

आण्णांच्या पानावरची भजी कावळ्यानं उचलली आणि सगळे हलके झाले. परतीच्या टेम्पोत वाद रंगला. धाकटे चुलते म्हणाले, पोरीच्या लग्नाचं म्हटलं म्हणून उतरला. घरी आत्ती म्हणाली, काय न्हाई, म्हशीत जीव हुता त्येंचा. वाटणीचं नाव मात्र कुणीच काढलं नाही.